जव्हार-मोखाड्याच्या घाटवाटा आणि पेट्रोल मालमोटारी : इंजिनांची विश्वसनीयता व दोष यांचा ऐतिहासिक विचार (१९३० ते १९६०)

वाहतुकीच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचा भर प्रामुख्याने रेल्वेवर, आणि त्यानंतर एस.टी. महामंडळावर आहे. मालमोटार या वाहनाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मालमोटारीच्या इंजिनाकडे तर इतिहासाचा विषय म्हणून पाहिलेच गेले नाही. तो अभियंत्यांचा प्रांत मानून आपण मोकळे झालो. वास्तविक रेल्वे जिथे पोहोचली नाही अशा डोंगराळ प्रदेशात बाजारपेठ, जंगलतोड, मजुरी आणि शासन या चारही गोष्टी काही दशके एका सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनावर अवलंबून होत्या. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके अशा प्रदेशाचे उत्तम उदाहरण ठरतात.

प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार केला आहे. १९५० नंतर भारतीय मालमोटारींतून पेट्रोल इंजिन हद्दपार झाले ते अविश्वसनीय होते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. या प्रदेशातील रस्ते, ओझे आणि ऋतुमान यांच्या संदर्भात त्या काळातील इंजिनांची रचना तपासली असता हा समज टिकत नाही. इंजिनाची विश्वसनीयता हा केवळ यंत्राचा गुण नसून यंत्र, वाट, ओझे आणि दुरुस्तीची सोय यांच्यातील संबंधाचा गुण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाटा आणि ओझे

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश हद्दीत, शहापूर तालुक्याचे पेटे म्हणून मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर दोन्ही तालुके त्या जिल्ह्यात आले. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले आहे. पश्चिमेला विक्रमगड, मनोर मार्गे पालघर आणि डहाणू रोड ही स्थानके. दक्षिणेला खोडाळामार्गे कसारा. पूर्वेला तोरंगण घाट चढून त्र्यंबक व नाशिक. तीन दिशा, तीन उतार.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. घाटात इंजिनाचे हाल होतात असे आपण सरसकट म्हणतो. पण हाल कोणत्या दिशेने ओझे जाते यावर ठरतात. या प्रदेशातून बाहेर जाणारा मुख्य माल म्हणजे साग व इतर इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, कोळसा आणि गवत. आत येणारा माल म्हणजे मीठ, कापड, रॉकेल, गूळ, किराणा. वजनाच्या दृष्टीने बाहेर जाणारा माल कितीतरी अधिक. पश्चिमेकडे जाणारी मालमोटार म्हणून भरलेली उतरत असे आणि हलकी चढत असे. त्र्यंबककडे जाणारी मात्र भरलेली चढत असे, कारण त्र्यंबक जव्हारपेक्षा सुमारे पावणेतीनशे मीटर उंच आहे. खोडाळा-कसारा वाटेवर वैतरणेच्या खोऱ्यात उतरून पुन्हा चढावे लागते, त्यामुळे तेथे दोन्ही प्रकारचा ताण. एकाच गावातून निघणाऱ्या, एकाच बनावटीच्या दोन मालमोटारींची इंजिने केवळ वेगळ्या वाटेमुळे वेगवेगळ्या ठिकाणी झिजावीत, अशी ही परिस्थिती होती.

भरलेल्या उतारावर पेट्रोल इंजिनाचा एक गुण फार मोलाचा ठरे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते आणि सिलिंडर पोकळीविरुद्ध ओढू लागतात. त्या ओढीने गाडी आवरली जाते. त्या काळच्या डिझेल इंजिनात अशी झडप बहुधा नसे, त्यामुळे वेगळा एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर गाडी आवरण्याची त्याची क्षमता कमी पडे. साध्या ब्रेकांच्या जमान्यात, सागाचे ओंडके पाठीवर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरणाऱ्या चालकाला हा फरक जिवाच्या मोलाचा होता.

या गुणाची किंमतही होती. मिटलेल्या झडपेमागच्या पोकळीने झडपांच्या गाईडमधून आणि पिस्टनच्या रिंगांवरून तेल सिलिंडरमध्ये खेचले जाई. उतार संपून चालकाने पुन्हा पाय दिला की निळा धूर सुटे आणि तेलाने माखलेले प्लग मिस मारू लागत. ‘गाडी तेल खाते’ ही तक्रार पेट्रोल मालमोटारींबाबत जुन्या मिस्त्रींच्या तोंडी सर्रास असे. तिचे मूळ झिजलेल्या रिंगांत जितके, तितकेच उताराच्या स्वरूपातही होते.

इंजिनांची घराणी आणि त्यांची दुखणी

दोन महायुद्धांच्या दरम्यान मुंबईत मोटारी जुळवण्याचे कारखाने सुरू झाले. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली शाखा काढली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ही मालमोटारींची नावे त्यातूनच रूढ झाली. इंग्लंडमधील ल्यूटन येथे १९३१ पासून तयार होणारी बेडफर्ड ही चौथी. मुंबई प्रांतातील मालमोटारधंदा मुख्यतः या चार नावांभोवती फिरत होता.

चारही इंजिने पेट्रोलवर चालणारी असली तरी त्यांचे स्वभाव भिन्न होते. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरी इंजिन साधे, सोशीक आणि दुरुस्तीस सोपे. पण त्याच्या १९३७ पासूनच्या सुमारे साडेतीन लिटरच्या आवृत्तीतही कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना पंपाच्या दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या टोकाला असलेली पळी खालच्या चरातील तेल उचलून घेई. मंद गतीने चालणाऱ्या गाडीला ही व्यवस्था पुरेशी होती. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच वेळ जोरात फिरत राहिले, तर मात्र हीच व्यवस्था अपुरी पडून बेअरिंगमधील मऊ धातू झिजे आणि इंजिन ‘ठोके’ देऊ लागे. म्हणजे घाट उतरताना गाडी आवरण्याचे जे काम इंजिन इमानाने करी, तेच त्याच्या बेअरिंगच्या मुळावर येई. बेडफर्डच्या ‘ओ’ मालिकेतील साडेतीन लिटरच्या, ७२ अश्वशक्तीच्या इंजिनात वंगण दाबाने दिले जाई. घाटातील कामासाठी ही रचना निःसंशय उजवी होती.

फोर्डचे व्ही-८ इंजिन हे या सर्वांत जोरकस, आणि उन्हाळ्यात सर्वांत त्रासदायक. त्याच्या सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळलेला वायू थेट बाहेर न जाता ब्लॉकमधील पाण्याच्या पोकळीतून वाट काढत जात असे. त्या वायूची उष्णता पाण्याला मिळे व रेडिएटर तापे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या माथ्यावर, नेमका उष्णतेच्या जागी. पेट्रोलमधील हलके घटक पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत, मागून वारा असताना, पहिल्या गिअरमध्ये तोरंगण चढणाऱ्या गाडीच्या पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरली की इंजिन गुदमरून बंद पडे. याला उपाय एकच: चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थांबायचे. पंपावर ओले फडके टाकणारा किन्नर हे त्या काळातील घाटरस्त्यांवरचे परिचित दृश्य होते. (क्लीनर या शब्दाचे मराठीत किन्नर झाले, यात कोणाला विनोद वाटेल, पण ठोकळा वेळेवर लावणारा किन्नर हाच घाटातील खरा सुरक्षा-अधिकारी होता.)

डॉज-फार्गो गाड्यांचे सपाट डोक्याचे सहा सिलिंडरी इंजिन त्या मानाने शांत. वंगण दाबाने, एक्झॉस्ट झडपांच्या बैठकी कठीण धातूच्या. त्याचे दुखणे मात्र लपलेले असे. पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या पोटात, पत्र्याची एक लांब नळी असे. ती प्रत्येक एक्झॉस्ट झडपेच्या भोवती थंड पाणी पोहोचवी. ओढ्याचे गढूळ, खनिजयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले गेले की ही नळी गंजून सडे. मग पुढचे सिलिंडर थंड आणि मागचे तप्त, अशी अवस्था होऊन मागील झडपा जळत. रेडिएटरचे पाणी उकळत नसल्याने चालकाला काही कळत नसे. तो झडपा घासून घेई, काही महिन्यांनी त्या पुन्हा जळत, आणि दोष इंजिनाच्या माथी बसे. यंत्राची बदनामी आणि यंत्राचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या असतात याचे यापेक्षा बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकाला आढळले नाही.

उंचीचा प्रश्न मात्र येथे गौण आहे. साडेचारशे मीटरवर हवा विरळ झाल्यामुळे इंजिनाची शक्ती जेमतेम पाच टक्क्यांनी घटते. खरा प्रश्न चढाचा आणि उन्हाचा होता.

कोळशावर चाललेली पेट्रोल इंजिने

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, पेट्रोलवर नियंत्रण आले. नागरी मालमोटारींना मिळणारे पेट्रोल अपुरे पडू लागले तेव्हा देशभर अनेक गाड्यांच्या मागे वा बाजूला लोखंडी भट्ट्या बसवल्या गेल्या. या भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू तयार करावयाचा, तो गाळून थंड करावयाचा आणि कार्बोरेटरच्या जागी इंजिनाला द्यावयाचा, अशी ही पद्धत. एका गॅलन पेट्रोलचे काम साधारणपणे पाच-सहा किलो कोळसा करी. ज्या प्रदेशाच्या जंगलांतून मुंबईच्या चुलींसाठी कोळसा जात होता, त्याच प्रदेशात हे इंधन सर्वांत सहज मिळणारे होते. पेट्रोलसाठी बंदराकडे पाहण्याचे कारण उरले नाही. इंधन झाडावरच उभे होते.

इंजिनाने मात्र ही सोय सोसली नाही. कोळसा-वायूवर शक्ती तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होई. सपाटीवर हे चालून जाई. घाटात गाडी अडे, आणि मग राखून ठेवलेले थोडे पेट्रोल सोडून चढ काढावा लागे. गाळणीतून निसटलेली बारीक राख सिलिंडरमध्ये शिरून बोअर झिजवी. भट्टी पेटवून गाडी सुरू करायला वेळ लागे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला विषारी वायूचा धोका असे तो वेगळाच. युद्ध संपल्यावर व्यापाऱ्यांच्या हाती उरलेल्या पुष्कळशा मालमोटारी या झिजेसह उरल्या होत्या. १९४५ नंतरच्या दोन-चार वर्षांत पेट्रोल इंजिनाची जी अपकीर्ती झाली, तिच्यात या काळाचा वाटा किती, हे लक्षात न घेता त्या इंजिनाबद्दल निवाडा देणे अन्यायाचे होईल.

नेमक्या याच वर्षांत जंगलातील श्रमाचे संबंधही बदलत होते. १९४५ ते १९४७ या काळात ठाणे जिल्ह्यात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा झाला. लाकूडतोडीची व गवतकापणीची मजुरी हा त्यातील कळीचा मुद्दा होता. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या व ठेकेदाराऐवजी मजुरांच्या संस्थेला कूप देण्याचे धोरण सुरू झाले. संस्थेच्या जमाखर्चात वाहतूक ही लहान बाब नव्हती. ठेकेदाराची गाडी अडली तर नुकसान त्याचे; संस्थेने भाड्याने घेतलेली गाडी अडली तर खोटी सभासदांची. इंजिनाचा बेअरिंग जाणे ही घटना अशा रीतीने मजुरीच्या प्रश्नाशी जोडली गेली.

वेळापत्रकाची कसोटी

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड होती. सुरुवातीच्या काळात शेव्हरोले, फोर्डसन, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या या सेवेत होत्या. दहा बनावटी म्हणजे सुट्या भागांचे दहा संच. आगारातील भांडारपालाची अवस्था सहज कल्पिता येईल.

एस.टी.च्या आगमनाने विश्वसनीयता या शब्दाचा अर्थच बदलला. जंगलातील मालमोटारीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होई आणि मे अखेर संपे. तिला पाऊस जवळजवळ माहीत नव्हता. पावसाळ्यात ती छपराखाली उभी असे व तिचे इंजिन खोलून रिंगा, झडपा, बेअरिंग पाहिले जाई. तिच्या मालकाच्या दृष्टीने विश्वसनीय इंजिन म्हणजे मध्ये बोअर न घेता हंगाम काढणारे इंजिन. दिवसभरात दोन तास गाडी अडली तरी त्याचे बिघडत नसे. प्रवासी गाडीला अशी सवलत नव्हती. तिला जुलैतही निघायचे होते आणि ठरलेल्या वेळी पोहोचायचे होते.

जव्हार परिसरात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनाचा खरा शत्रू पाणी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली, प्लगच्या तारांचे रबर चिरले, की हजारो व्होल्टचा दाब प्लगपर्यंत न पोहोचता वाटेतच गळून जाई. फोर्ड व्ही-८चा डिस्ट्रिब्युटर तर इंजिनाच्या पुढच्या अंगाला, खाली, पंख्यामागे. ओढ्याचे पाणी पंख्याने उडवले की सरळ त्याच्यावर. डिझेल इंजिनात ठिणगीच नसल्याने हा सारा प्रश्नच उद्भवत नाही. हंगामी मालमोटारीत जो दोष कधी प्रकटच झाला नाही, तो बारमाही प्रवासी सेवेत मुख्य दोष ठरला. पेट्रोल इंजिनाविषयी लाकूड-व्यापाऱ्याचे मत आणि एस.टी. आगाराचे मत परस्परविरोधी असते, तर दोन्ही खरी मानावी लागली असती.

डिझेलचा विजय कशाचा?

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने भारतात प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कारखान्यांना थारा देऊ नये अशी भूमिका घेतली. जनरल मोटर्स व फोर्ड या दोघांनीही आपले येथील काम आवरले. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी जमशेदपूर येथे टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. या गाडीचे सुमारे ४.६ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन डिझेलवर चालणारे होते. मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स इंजिन त्याच दशकात उपलब्ध झाले व ते प्रीमियरच्या मालमोटारींतही बसू लागले. फोर्ड आणि शेव्हरोले ही घराणी घाटात हरली नाहीत. त्यांच्या सुट्या भागांचा देशातील मूळ पुरवठाच आटला. भाग मिळत नसलेले इंजिन अविश्वसनीय होते, मग त्याची रचना कितीही सरस असो.

दुसरे कारण इंधनाच्या खर्चाचे. तेवढ्याच कामाला डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इंधन पुरते आणि भारतात डिझेलचा दरही कमी राहिला. जेथे पेट्रोल स्वस्त होते तेथे इतिहास वेगळा घडला. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५८ मध्ये अवजड मालमोटारींसाठी साडेसहा ते पावणेनऊ लिटरची पेट्रोल व्ही-८ इंजिने आणली. सोव्हिएत संघातील झिल-१३० ही सहा लिटरच्या, १५० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनाची मालमोटार १९६० च्या दशकापासून तीन दशके प्रचंड संख्येने तयार होत राहिली, आणि ती सैबेरियाच्या थंडीतही चालली. यंत्र मुळातच कुचकामी असते तर हे घडले नसते.

उलट एका बाबतीत डिझेलने घाटातील माणसाला परावलंबी केले. पेट्रोल इंजिनातील बहुतेक बिघाड रस्त्यातच निस्तरता येत. पॉइंट पॉलिश-पेपरने घासणे, जेट फुंकून साफ करणे, प्लग पुसणे, ही कामे किन्नरही करी. बॅटरी उतरली तर हँडल मारून गाडी सुरू होई. डिझेलचा पंप आणि नोझल ही मात्र अत्यंत सूक्ष्म मापाची यंत्रे. ती बिघडली की शहरातील चाचणी-यंत्राखेरीज इलाज नाही. बिघाडांची संख्या घटली, पण प्रत्येक बिघाडाची लांबी वाढली. जव्हारसारख्या ठिकाणी या दोहोंतील अधिक वाईट काय, याचे उत्तर गाडीत काय भरले आहे यावर अवलंबून होते. सागाचा ओंडका चार दिवस थांबू शकतो. प्रसूतीसाठी नेलेली बाई थांबू शकत नाही.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले तेव्हा जुन्या पेट्रोल मालमोटारी जवळजवळ संपल्या होत्या, त्यामुळे मऊ बैठकी असलेल्या झडपांचे काय होईल हा प्रश्न येथे कोणाला पडला नाही. तो आता वेगळ्या रूपाने परत आला आहे. सीएनजीवर चालणाऱ्या मालमोटारी व बसगाड्या ही ठिणगीचीच इंजिने आहेत. प्लग, कॉइल आणि तारा पुन्हा आल्या. कोरड्या वायूमुळे झडपांच्या बैठकी झिजण्याचा धोका पुन्हा आला. आणि हवेच्या वाटेवरची झडपही परत आली. बदलली आहे ती ओझ्याची दिशा. जंगलातून खाली येणारे लाकूड आता पूर्वीसारखे राहिले नाही. सिमेंट, लोखंड आणि रेशनचे धान्य घाट चढून वर जाते, आणि एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांकडे पाण्याचे टँकर जातात. ते भरलेले चढतात आणि रिकामे उतरतात.